एकाच पॅकेजमध्ये दोन परवाने: इलॅस्टिकसर्च आणि एक्स-पॅकचे प्रकरण

१३ जून २०१८ रोजी इलॅस्टिकसर्च या माहिती साठवून तीत शोध घेणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरची ६.३.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याआधी ज्यांच्या सर्व्हरवर ६.२.४ होती आणि ज्यांनी डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या नेहमीच्या पद्धतीने अद्ययावत करण्याचा आदेश दिला, त्यांच्याकडे पॅकेजचे नाव तेच राहिले, सेवा त्याच नावाने सुरू झाली, ९२०० पोर्टही तोच. बदलला तो परवाना. आधीचे पॅकेज अपाची २.० या मुक्त परवान्याखाली होते, नवे ‘इलॅस्टिक लायसन्स’ नावाच्या कंपनीच्या स्वतःच्या करारनाम्याखाली. अपाचीचेच पॅकेज हवे असेल तर आता ‘इलॅस्टिकसर्च-ओएसएस’ (ओएसएस म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअर) हे वेगळे नाव शोधून, त्याची वेगळी रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचा साठा, जोडून ते मागवावे लागत होते.

पुढच्या सहा वर्षांत या प्रकल्पाबद्दल लोकांचे मत कसे बदलत गेले, याची मुळे आमच्या मते याच एका तांत्रिक तपशिलात आहेत. कंपनीने त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने काहीही गैर केले नव्हते. जुना कोड अपाचीखालीच होता, नवा कोड कोणत्या परवान्याखाली आहे हे प्रत्येक फाइलच्या माथ्यावर लिहिलेले होते, आणि शुद्ध मुक्त पॅकेजही उपलब्ध होते. तरीही विश्वासाला तडा गेला. का गेला, हे नीट पाहण्यासारखे आहे. सशुल्क भाग सोबत देऊ पाहणाऱ्या कोणत्याही ओपन सोर्स प्रकल्पाला तोच प्रश्न कधी ना कधी भेटतो.

आधीची मांडणी

शाय बॅनन यांनी इलॅस्टिकसर्च २०१० च्या फेब्रुवारीत लोकांसाठी खुले केले. आतला शोधाचा गाभा अपाची ल्युसीन या मुक्त शोध-कोडाचा. त्यावर वितरित साठवण आणि जेसॉनमधून बोलता येईल असा एपीआय ही इलॅस्टिकसर्चची भर. २०१२ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि २०१५ मध्ये तिचे नाव ‘इलॅस्टिक’ झाले. उत्पन्नासाठी कंपनीने विस्तार विकायला काढले: देखरेखीसाठी मार्व्हल, सुरक्षेसाठी शील्ड, सूचनांसाठी वॉचर. २०१६ च्या ५.० आवृत्तीत हे सगळे एकत्र करून त्याला ‘एक्स-पॅक’ म्हटले गेले.

या काळात सीमारेषा कुणालाही दिसेल अशी होती. एक्स-पॅक हवा असेल तर प्लगइन बसवण्याचा आदेश स्वतः द्यायचा, तो प्रत्येक नोडवर (जोडलेल्या प्रत्येक सर्व्हरवर) द्यायचा, मोफतच्या बेसिक परवान्यासाठीसुद्धा नोंदणी करायची आणि मुदत संपली की नूतनीकरण करायचे. त्रासदायक प्रकार होता यात शंका नाही. पण आदेश देणाऱ्याला आपण मुक्त प्रकल्पाच्या अंगणातून बाहेर पाऊल टाकतो आहोत हे ठाऊक असायचे. कोड बंद होता आणि बंद असल्याचे कुणी लपवत नव्हते.

६.३ मध्ये नेमके काय झाले

२०१८ च्या फेब्रुवारीत कंपनीने एक्स-पॅकचा कोड ‘खुला’ करत असल्याचे जाहीर केले. जूनमध्ये त्याचे रूप समोर आले. एक्स-पॅकचा कोड मुख्य कोड-रिपॉझिटरीतच ‘एक्स-पॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये आला. मुळाशी असलेल्या परवान्याच्या फाइलचा मजकूर बदलला: या फोल्डरबाहेरचे सर्व, वेगळी नोंद नसल्यास, अपाची २.० खाली, फोल्डरच्या आतले इलॅस्टिक लायसन्सखाली. नेहमीच्या नावाने मिळणाऱ्या पॅकेजमध्ये दोन्ही भाग एकत्र. बेसिक परवाना आपोआप लागू, नोंदणी नाही, मुदत नाही. सशुल्क सुविधा ३० दिवस वापरून पाहायच्या असतील तर एका एपीआय विनंतीने किंवा किबाना या सोबतच्या दृश्य-साधनातल्या एका बटणाने चाचणी परवाना सुरू करता येई.

वापरणाऱ्याच्या सोयीच्या बाजूने पाहिले तर ही खरी सुधारणा होती. प्लगइनची आवृत्ती आणि इंजिनाची आवृत्ती जुळवत बसण्याचा व्याप संपला. देखरेख, शोधाचे प्रोफाइलर, ग्रॉक डीबगर अशा गोष्टी कोणतीही खटपट न करता मिळाल्या. कोड वाचता आल्यामुळे अडचणीचे मूळ शोधणे सोपे झाले. पण त्या पहिल्या इलॅस्टिक लायसन्सनुसार एक्स-पॅकच्या कोडमध्ये बदल करून तो प्रत्यक्ष कामाच्या यंत्रणेवर चालवण्याची मुभा नव्हती. बदल विकास आणि चाचणीपुरते. ओपन सोर्स परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येत हे बसत नाही. व्याख्येत वापराच्या क्षेत्रावर बंधन चालत नाही आणि बदललेली आवृत्ती इतरांना देता आली पाहिजे.

लोकांना काय दिसले

परवान्याचा करारनामा वाचून मत बनवणारे फार थोडे असतात. बहुतेकांचे मत चार ठिकाणी बनते: काहीही न निवडता कोणते पॅकेज हाती येते, साधे नाव कोणाला आणि शेपूट जोडलेले नाव कोणाला, कोड कोणत्या जागी ठेवला आहे, आणि कंपनी त्याला काय म्हणते. ६.३ मध्ये चारही ठिकाणी एकच संदेश गेला.

पहिले, पॅकेज. ज्याने काही निवडले नाही त्याला इलॅस्टिक लायसन्सचे पॅकेज मिळाले. मुक्त सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांत न लिहिलेला एक संकेत आहे की निवड न करणाऱ्याच्या हातून परवाना बदलू नये. तो इथे मोडला गेला, आणि तोही आवृत्तीचा मधला आकडा बदलताना. ६.२ वरून ६.३ वर जाताना लोक सुसंगततेची टिपणे वाचतात. परवाना बदलला असेल अशी शंका कुणाला येत नाही.

दुसरे, नाव. ‘इलॅस्टिकसर्च’ हे नाव आठ वर्षे अपाचीच्या कोडशी जोडलेले होते. आता ते मिश्र पॅकेजला मिळाले आणि मूळ मुक्त वस्तू ‘-ओएसएस’ या शेपटाने ओळखली जाऊ लागली. शेपूट लागलेली वस्तू लोकांना दुय्यम वाटते, काहीतरी काढून घेतलेली वाटते. नेमके उलट केले असते, म्हणजे मिश्र पॅकेजला ‘इलॅस्टिकसर्च-बेसिक’ म्हटले असते, तर तोच कोड आणि तेच परवाने असूनही तक्रारींचा मोठा भाग उद्भवला नसता असे आम्हाला ठामपणे वाटते.

तिसरे, जागा. बाहेरून योगदान देणाऱ्याला एकाच रिपॉझिटरीत दोन परवाने हाताळावे लागू लागले. एखादा वर्ग मूळ भागातून एक्स-पॅकमध्ये हलवला गेला की फाइलच्या माथ्यावरचा मजकूर बदलतो. दुरुस्ती कुठल्या बाजूला पडते आहे हे दर वेळी पाहावे लागते. त्यात योगदानकर्त्यांकडून कंपनी आधीच योगदान-करारावर सही घेत असे, आणि त्या करारातून कंपनीला त्या कोडवर व्यापक हक्क मिळत. स्वेच्छेने काम करणाऱ्याच्या मनात ‘माझा कोड उद्या कोणत्या बाजूला जाईल’ हा प्रश्न उभा राहिला.

चौथे, शब्द. कंपनीने कोड वाचायला देण्याला ‘खुले करणे’ म्हटले. वाचता येणे आणि मुक्तपणे वापरता येणे यांतला फरक ज्यांना रोजच्या कामात जपावा लागतो, त्यांना हे फार खटकले. शिवाय त्याच वेळी अपाचीखालचा कोड आहे तसाच राहील, त्याचा परवाना कधीही बदलणार नाही, असे आश्वासनही दिले गेले. हे आश्वासन पुढे महाग पडले.

या चारांच्या खाली आणखी एक जुनी सल होती: सुरक्षा. पासवर्ड, भूमिका, नोडमधले टीएलएस एन्क्रिप्शन हे सगळे सशुल्क बाजूला होते. २.० आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्च फक्त स्थानिक पत्त्यावर ऐकत असे, पण अनेक सर्व्हर जोडून क्लस्टर करायचा म्हणजे नेटवर्कचा पत्ता उघडावाच लागतो, आणि मग समोर कुलूप नसे. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले इलॅस्टिकसर्चचे क्लस्टर पुसून खंडणी मागण्याची लाट आली होती. त्यानंतरही सुरक्षेसाठी पैसेच मोजावे लागतात ही गोष्ट लोकांच्या डोक्यात राहिली. सूचना किंवा मशीन लर्निंग विकले तर कुणी बोलत नाही. दाराची कडी विकली की लोक बोलतात.

कामाच्या जागी काय बिघडले

धारणा केवळ तत्त्वावरून बनत नाही, रात्री अकरा वाजता येणाऱ्या त्रुटींवरूनही बनते. दोन पॅकेजे समांतर चालू लागल्यावर पुढील प्रकार नेहमीचे झाले.

जुन्या स्क्रिप्टमध्ये एक्स-पॅक प्लगइन बसवण्याची ओळ तशीच राहिलेली असे. ६.३ च्या नेहमीच्या पॅकेजवर ती ओळ ‘या वितरणात एक्स-पॅक आधीच आहे’ असे सांगून थांबे, आणि ओएसएस पॅकेजवर ‘इथे एक्स-पॅक उपलब्ध नाही’ असे सांगून. दोन्हीकडे स्वयंचलित उभारणी मधेच तुटे. ६.२ वरून वर जाताना जुने प्लगइन आधी काढावे लागे.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो इंडेक्सच्या, म्हणजे शोधासाठी साठवलेल्या नोंदींच्या संचाच्या, जीवनचक्र व्यवस्थापनाने. जुन्या नोंदी ठरावीक दिवसांनी पुसणे, इंडेक्स फिरवणे ही कामे करणारी ही सुविधा ६.६ मध्ये आली. मोफत होती, पण होती एक्स-पॅकच्या बाजूला. फाइलबीटसारखी नोंदी गोळा करून पाठवणारी साधने (‘बीट’) आपल्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या इंडेक्सच्या साच्यात, तिचे सेटिंग लिहीत. समोर ओएसएस क्लस्टर असेल तर इंडेक्स तयार होतानाच ‘अज्ञात सेटिंग: इंडेक्स लाइफसायकल नेम’ अशी त्रुटी येई आणि नोंदी येणे बंद. उपाय साधा होता: बीटच्या संरचना फाइलमध्ये ही सुविधा स्पष्टपणे बंद करायची, आधी चढवलेले टेम्प्लेट पुसायचे आणि नव्याने चढवायचे. टेम्प्लेट न पुसता फक्त संरचना बदलणारे पुन्हा त्याच त्रुटीवर येत. ‘फ्लॅटन्ड’ हा फील्डचा प्रकारही एक्स-पॅकच्या बाजूचा. तो मॅपिंगमध्ये, म्हणजे फील्डच्या प्रकारांच्या व्याख्येत, वापरला असेल तर ओएसएसवर मॅपिंगच नाकारले जाई.

उलट प्रवास आणखी कठीण. काही महिने मिश्र पॅकेजवर चाललेला क्लस्टर ओएसएसवर आणायचा तर इंडेक्सच्या सेटिंगमध्ये राहिलेल्या एक्स-पॅकच्या खुणा आधी काढाव्या लागतात. सुरक्षित मार्ग म्हणजे नवा ओएसएस क्लस्टर उभारणे, टेम्प्लेट हाताने स्वच्छ लिहिणे आणि माहिती दूरस्थ री-इंडेक्सने ओढून घेणे. यासाठी जुन्या क्लस्टरइतकीच आणखी डिस्क काही काळ लागते, हे नियोजनात धरावे लागते.

चाचणी परवान्याचाही एक पेच होता. ३० दिवसांत कुणीतरी सुरक्षा चालू करून तीवर अवलंबून राही. परत बेसिकवर जाण्याची विनंती पाठवली की सर्व्हर आधी कोणकोणत्या सुविधा जाणार याची यादी देई आणि मान्य असल्याचे वेगळे कळवल्याशिवाय पुढे जात नसे. ही पद्धत प्रामाणिक होती. पण त्या वेळच्या बेसिकमध्ये सुरक्षा नव्हती, त्यामुळे यादी वाचणाऱ्यापुढे पर्याय उरत ते दोनच: पैसे भरा, नाहीतर कुलूप काढा.

दुरावा

११ मार्च २०१९ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाने एक्स्पीडिया आणि नेटफ्लिक्सच्या साथीने ‘ओपन डिस्ट्रो फॉर इलॅस्टिकसर्च’ आणले: मूळ अपाची कोड, त्यावर सुरक्षा, सूचना, एसक्यूएल असे अपाचीखालचेच विस्तार. ॲमेझॉनचे एड्रियन कॉकक्रॉफ्ट यांनी मांडलेली तक्रार होती ती जून २०१८ पासून मालकीचा कोड मुक्त कोडात मोठ्या प्रमाणात मिसळला गेल्याची. ॲमेझॉन तटस्थ नव्हते. २०१५ पासून ते इलॅस्टिकसर्चची सेवा विकत होते, ‘ॲमेझॉन इलॅस्टिकसर्च सर्व्हिस’ या नावाने, आणि हे नाव ग्राहकांची दिशाभूल करते ही इलॅस्टिकची तक्रार आम्हाला रास्त वाटते. तीवरून २०१९ मध्ये खटला झाला आणि २०२२ मध्ये तडजोड. तरीही ‘मिसळण्या’चा आरोप चिकटला, कारण अद्ययावत करताना हाती आलेल्या पॅकेजचा अनुभव लोकांकडे आधीच होता.

२० मे २०१९ रोजी ६.८.० आणि ७.१.० सोबत इलॅस्टिकने मूलभूत सुरक्षा बेसिकमध्ये मोफत केली. निर्णय उत्तम होता. पण तो ओपन डिस्ट्रोनंतर जेमतेम दहा आठवड्यांनी आला, त्यामुळे ज्याचे श्रेय मिळायला हवे होते ते स्पर्धेच्या खात्यावर जमा झाले.

१४ जानेवारी २०२१ रोजी कंपनीने अपाचीखालच्या भागाचाही परवाना बदलत असल्याचे जाहीर केले: ७.११ पासून एसएसपीएल (सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स) किंवा इलॅस्टिक लायसन्स. ‘-ओएसएस’ पॅकेजे बंद झाली. अपाचीची शेवटची आवृत्ती ७.१०.२. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने काही दिवसांतच एसएसपीएल हा ओपन सोर्स परवाना नाही असे स्पष्ट केले. २०१८ चे आश्वासन लोकांनी शोधून काढले आणि समोर ठेवले. तिथून पुढे वाद परवान्याचा राहिला नाही, दिलेल्या शब्दाचा झाला. ॲमेझॉनने ७.१०.२ वरून फोर्क केला, म्हणजे त्याच कोडावरून वेगळा प्रकल्प काढला. त्याचे नाव ओपनसर्च, पहिली स्थिर आवृत्ती जुलै २०२१ मध्ये, आणि रेड हॅट, सॅप, कॅपिटल वन, लॉग्झ.आयओ यांनी पाठिंबा दिला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने ७.१०.२ वर थांबून पुढे ओपनसर्चची वाट धरली. मराठी विकिपीडियाच्या शोधपेटीमागेही हीच यंत्रणा आहे.

मग ग्राहक-ग्रंथालयांची, म्हणजे सर्व्हरशी बोलण्यासाठी ॲप्लिकेशनमध्ये जोडायच्या तयार कोडाची, पाळी आली. ७.१४ पासून पायथनचे अधिकृत ग्रंथालय समोरचा सर्व्हर खरोखर इलॅस्टिकचा आहे का हे त्याच्या प्रतिसादावरून तपासू लागले आणि नसेल तर काम नाकारू लागले. ज्यांनी ग्रंथालयाची आवृत्ती बांधून ठेवली नव्हती, त्यांचे चालू ॲप्लिकेशन नव्या बिल्डनंतर अचानक थांबले. उपाय: आवृत्ती ७.१४ च्या खाली बांधणे, किंवा ओपनसर्चच्या ग्रंथालयावर जाणे. जुनी साधने आवृत्तीच्या आकड्यावर अडत असतील तर ओपनसर्च १.x मध्ये स्वतःची आवृत्ती ७.१०.२ सांगण्याचे एक सुसंगतता-सेटिंग होते. ते तात्पुरते वापरावे, कायमचे नाही.

त्याच्या उलट टोकाचे उदाहरण

मालकीचा भाग सोबत दिला की लोक रुसतातच असे नाही. डेबियनने २०२२ मध्ये मुक्त नसलेले फर्मवेअर (वायफायसारखे हार्डवेअर चालवणारा त्याच्या निर्मात्याचा कोड) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्यावर मतदान घेतले. सामाजिक करारनाम्यात बदल होत असल्यामुळे तीनास एक बहुमत लागत होते, ते मिळाले. जून २०२३ च्या डेबियन १२ मध्ये या फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा स्वतंत्र विभाग आहे, कोणते फर्मवेअर घेतले ते वापरणाऱ्याला कळते, आणि नको असेल तर इन्स्टॉलर सुरू करतानाच एका पॅरामीटरने ते पूर्ण बंद करता येते. वाद तिथेही झाला, काहींना निर्णय आजही मान्य नाही. पण फसवणूक झाल्याची भावना नाही. बदल आधी सांगितला, सर्वांसमोर ठरवला, आणि शेपूट मालकीच्या वस्तूला लावले, मुक्त वस्तूला नाही.

आज तपासताना

२९ ऑगस्ट २०२४ रोजी इलॅस्टिकने एजीपीएल ३ हा तिसरा पर्याय जोडला. ओपन सोर्स इनिशिएटिव्हची मान्यता असलेला परवाना आहे, त्यामुळे एक्स-पॅकबाहेरचा कोड पुन्हा ओपन सोर्स म्हणता येतो, आणि तसे म्हणण्याचा कंपनीला पूर्ण हक्क आहे. ‘एक्स-पॅक’ फोल्डर मात्र इलॅस्टिक लायसन्स २.० खालीच आहे, आणि तयार पॅकेजही त्याच परवान्याखाली मिळते. एजीपीएलचा लाभ हवा असेल तर कोड घेऊन स्वतः बांधणी करावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनखालच्या स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे गेला.

आपल्याकडे नेमके काय चालले आहे हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. ६.३ ते ७.१० मधल्या क्लस्टरच्या मूळ पत्त्यावर विनंती पाठवली की उत्तरात ‘बिल्ड फ्लेवर’ असते. तिथे ‘ओएसएस’ असेल तर अपाची, ‘डीफॉल्ट’ असेल तर मिश्र. परवान्याची विनंती पाठवल्यावर बेसिक, ट्रायल की सशुल्क ते कळते. ओएसएसवर ही विनंतीच त्रुटी देते. सर्व्हरवरच्या ‘मोड्यूल्स’ फोल्डरमध्ये एक्स-पॅकने सुरू होणारी नावे दिसली तर पॅकेज मिश्र आहे. डॉकर वापरत असाल तर इमेजचे पूर्ण नाव तपासा, टॅग नव्हे. फरक टॅगमध्ये नसून नावातल्या शेपटात होता. ७.११ आणि पुढच्या कोणत्याही तयार पॅकेजसाठी हा शोध घ्यायची गरज नाही. ते अपाचीचे नाही.

बहुतेक संस्थांना, म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळाचा शोध किंवा स्वतःच्या सर्व्हरच्या नोंदी यांसाठी वापरणाऱ्यांना, इलॅस्टिक लायसन्स २.० ची बंधने जाणवत नाहीत. ती तीन आहेत: इतरांना व्यवस्थापित सेवा म्हणून देऊ नका, परवाना-किल्लीची यंत्रणा चुकवू नका, परवान्याच्या सूचना काढू नका. जे आपल्या उत्पादनात इलॅस्टिकसर्च भरून ग्राहकाला देतात त्यांनी मात्र पहिले बंधन कायदेसल्लागारासोबत वाचावे: ग्राहकाला शोधाच्या एपीआयचा थेट आणि मोठा भाग वापरता येतो का, की तो फक्त तुमच्या पडद्यामागे चालतो, यावर उत्तर ठरते. हा प्रश्न उत्पादनाच्या आराखड्याच्या टप्प्यावरच सोडवून लिखित ठेवावा. विक्रीनंतर इंजिन बदलायचे म्हणजे मॅपिंग, क्वेरी आणि ग्राहक-ग्रंथालये या तिन्हींची पुन्हा चाचणी आली.